दोन फुटांनी खोटा

मित्रांनो, कोल्हापूरजवळच्या एका गावात, पंचगंगेकडे उतरणाऱ्या वाटेच्या कडेला मी उभा आहे. लोक मला पुराचा दगड म्हणतात. दगडाला कसली आली लाज, असे तुम्ही म्हणाल. मला आहे, आणि ती का, तेच सांगायचे आहे.

खाणीतून आणलेला मी बारा फुटांचा दगड. पाणी किती चढले ते कळावे म्हणून माझ्यावर फुटाफुटाचे आकडे घातले. पूर्वी पूर क्वचित यायचा. अलीकडे पावसाचे तंत्रच बिघडले. महापुरानंतर ग्रामसभेने ठरवले, की आठाच्या लाल रेघेला पाणी लागले की जनावरे घेऊन निघायचे. त्यापुढे ओढ्यावरची वाट बुडते. साठी उलटलेली तानाबाई आकडे शिकली, ती माझ्यावर बोट ठेवूनच. मला कोण अभिमान वाटायचा!

मग पंचायतीने हवामान बदलाचा आराखडा केला. काँक्रीट टाकून माझ्या पायाशी असलेली नदीची वाट दोन फूट उंच केली आणि माझे खालचे दोन आकडे त्यात गाडले गेले. जिल्ह्याहून समिती येणार म्हणून मला रंगवायचे ठरले.

"सरपंच, आकडं कुठनं धरू? खालचं दोन गेलं की काँक्रीटात," रंगारी केरबाने विचारले.

सरपंच हंबीरराव घाईत होते. "एकापासनं लिव्ह. तिनापासनं लिवलंस तर पावणं इचारत बसतील."

केरबाने तसे लिहिले. आठाची लाल रेघ दोन फूट वर गेली. तेव्हाच मला टोचायला हवे होते. पण समितीने माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले आणि मी नव्या रंगात नुसता फुलून गेलो.

पुढच्याच पावसाळ्यात नदी पात्राबाहेर आली. शेजारची मैथिली धावत आली. "आक्का, चला की! समदी निघाली."

"थांब गं. दगुड सहाच दावतोय. म्हस गाभण हाय, उगं कशाला चालवू तिला?" तानाबाई म्हणाली.

सहा नव्हे, ते आठ होते.

थोड्या वेळाने ती म्हैस घेऊन निघाली, तर ओढ्यावरची वाट पाण्याखाली. नाव आली, पण ती माणसांपुरती. तानाबाईने दावे सोडले. म्हैस नावेमागून पोहत माझ्यासमोरून गेली, आणि मग धारेने तिला ओढून नेले.

पाणी ओसरल्यावर हंबीरराव टेप घेऊन आले. मोजले, तर माझा आकडा दोन फुटांनी कमी निघाला. तेवढ्यात तानाबाई आली. पदराने माझा चिखल पुसत म्हणाली, "ह्येला काय बोलू नगासा, सरपंच. ह्येनं बरोबरच सांगितलं आसंल. माझंच शिकणं कच्चं. आठाला सहा वाचलं आसंल मी."

हंबीररावांनी तोंड उघडले. "पंचनाम्याला या, काकी," एवढेच बोलून ते निघून गेले.

केरबाने आकडे दुरुस्त केले. पण तानाबाई आता मला वाचत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "किती हाय रं पाणी?"

मित्रांनो, असा दगड कुठे दिसला तर त्याच्या रंगावर भुलू नका, मोजणी कुठून धरली आहे ते विचारा. मला तोंड नाही आणि ज्यांना आहे ते अजून गप्प आहेत. म्हणून आमच्या गावी आलात तर तानाबाईला एवढे सांगा: आक्का, तुम्ही बरोबर वाचले होते.