शौचालयाच्या दाराशी टांगलेली वही

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात शौचालयाच्या दाराशी एक वही टांगलेली असते. नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. कल्पना मुकादमाची. त्याच्या डोक्यातून जन्मात निघालेली ही एकच, म्हणून पोटच्या पोरासारखी जपतो. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली, आम्ही बावीस बायका ती पळवू म्हणून.

त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा नाव वहिनीचं; अख्खा कारखाना तिला वहिनीच म्हणतो. पॅकिंगमधली, त्रेचाळीस वर्षांची, गठ्ठे उचलण्यात दोन पुरुषांना भारी. पण गठ्ठा उचलला, शिंक आली, हसू आलं, की लघवी सुटायची. म्हणून बाई दर अर्ध्या तासाला आधीच जाऊन यायची, पाणी पिणं जवळपास सोडलेलं, आणि कुणी विनोद केला की पाय आवळून टेबल धरायची. नवरा म्हणायचा, "तीन बाळंतपणं झाली की असंच." जणू तिन्ही वेळा कळा यालाच आल्या होत्या.

एका सकाळी मुकादमाने वही फडकावली. "वहिनी, काल चौदा वेळा! इथे कामाला येता की मुतायला? तीन महिन्यांनी मॅनेजरसाहेबांना दाखवणार आहे. तेव्हाही हेच असेल तर घरी बसा."

मागे काही जणी खुदकन हसल्या. त्यात मीही होते, लपवून काय करू? वहिनी हसली नाही. तिच्या घरात पगार एकच येत होता, आणि तो नवऱ्याचा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. लघवीची तपासणी ठीक निघाली, तशी डॉक्टरांनी फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे धाडलं. त्या म्हणाल्या, "तीन दिवस सगळं लिहून आणा. कधी गेलात, कधी गळलं."

"गेल्याचं लिहिलेलं आहे," वहिनी म्हणाली. "वर्षाचं."

डॉक्टरांना दाखवायला म्हणून मी मोबाईलवर वहीच्या पानांचे फोटो काढून नेले होते. बाई बघतच राहिल्या. "एवढं बारीक कुणी लिहिलं? त्यांना याची आवड आहे?"

"त्यांना दुसरं काही येत नाही," मी म्हणाले.

"हे बघा, दर अर्ध्या तासाने, आत जेमतेम एक मिनिट. लागते म्हणून नाही, भीतीने जाताय. बरं, लघवी अडवायला आवळता तसं आवळून दाखवा."

वहिनीने श्वास कोंडला, पोट फुगवलं, लालबुंद झाली.

"अहो, हे खाली ढकलणं झालं! वारा अडवतो ना, तसं आत, वर ओढा. श्वास चालू राहू दे. कुणी शिकवलं हे?"

शिकवलं होतं जाऊबाईंनी, फोनवर बघून. जाऊबाईंना सगळंच येतं. वहिनी वर्षभर इमानेइतबारे उलटाच व्यायाम करत होती.

आता दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा आवळायचं. गठ्ठा उचलताना आधी आवळायचं, मग श्वास सोडत उचलायचं. पाणी प्यायचं. जायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी लांबवायची. "तीन महिने लागतील," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांत रडत येऊ नका."

वहिनी आठ दिवसांत रडलीच, पण व्यायाम सोडला नाही. टॉवेलच्या घड्या घालता घालता करायची. मुकादमाच्या नाकासमोर करता येईल आणि त्याला वहीत टिपता येणार नाही, असं कारखान्यात हे एकच काम. महिनाभर काही हललं नाही. मग चौदाचे अकरा झाले, अकराचे आठ.

तीन महिने भरले तसा मुकादम मॅनेजरला घेऊन आला. वही उघडली, आणि आकडा बघून क्षणभर हिरमुसला. पण असली माणसं हिरमुसलेली फार वेळ राहत नाहीत.

"पाच! साहेब, चौदावरून पाच! शिस्त लावली की बायका सुधारतात. हिचा आजार माझ्या वहीने बरा केला बघा."

वहिनीच्या दोन्ही हातांत गठ्ठा होता. तिने मुकादमाकडे पाहिलं आणि हसायला लागली. पाय न आवळता, टेबल न धरता, गदगदा. आम्ही सगळ्याजणींनी आधी फरशीकडे पाहिलं.

कोरडी.

मग आम्हीही सुटलो. मुकादमाला वाटलं कौतुक चाललंय. तोही हसला.