पोटाजवळची गाठ

मी कराटेचा एक जुना काळा पट्टा आहे, मित्रांनो. माझ्या कडा उसवल्या आहेत आणि मधला भाग झिजून पांढरट झाला आहे. काळा पट्टा बांधणारा माणूस कुणाला भीत नाही, असे लोकांना वाटते. मी मात्र सारे आयुष्य माणसाच्या पोटावर काढले आहे. बाहेरून निर्धास्त दिसणारा माणूस आतून कसा लटलट कापतो, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार?

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एका अरुंद गाळ्यात मी तयार झालो. काशी नावाच्या बाईने जाड सुती कापडाच्या थरांवर आठ लांब शिवणी घातल्या, टोकाचा दोरा दातांनी तोडला आणि मला ढिगावर टाकले. २००१ साली मी राजरत्न सरांच्या कमरेला बांधला गेलो. सर अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. संध्याकाळी ते वस्तीतल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये कराटे शिकवत. मुलांपेक्षा मुलीच जास्त येत.

सरांची शिस्त कडक होती. ठोसा लागला की थांबायचे, दोन पावले मागे सरायचे, पंच गुण देतील. पडलेल्यावर हात उचलणाऱ्याला ते महिनाभर झुंजीला उभे करत नसत. स्पर्धांमध्ये त्यांच्या क्लासला पदके मिळत आणि पालक कौतुक करत. तेव्हा मीही ऐटीत असे.

मग २००७ साल आले. मुले सायबर कॅफेत जाऊन एक नवीच लढत पाहू लागली. तिच्यात ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणे, सगळेच चालत असे. एक दिवस तेजल नावाच्या मुलीने विचारले, "सर, कुणी पाय धरून खाली पाडलं, तर काय करायचं?"

"पाडू द्यायचंच नाही," सर हसून म्हणाले. पण माझ्या गाठीखाली त्यांचे पोट एकदम आत ओढले गेले. 

त्या प्रश्नाचे उत्तर घेऊन कमळाकर आला. तो बदलापूरचा, लहानपणापासून कुस्ती केलेला, आणि उल्हासनगरच्या एका जिममध्ये ही नवी लढत शिकवणारा. बोलायला नम्र होता. "सर, बुरा मत मानना. एकदा माझ्याबरोबर खेळून बघा. पोरांना हेही शिकवावं असं पटलं नाही तर मी गप परत जातो."

सगळा क्लास भिंतीला टेकून बसला. सरांनी लाथ मारली. कमळाकरने तोच पाय पकडला, दुसरा हिसकला आणि सर धाडकन पाठीवर आपटले. त्याचे सगळे वजन छातीवर आले, हात गळ्याभोवती गेला. दोघांच्या पोटांमध्ये मी चेपलो. सर श्वासासाठी धडपडत होते आणि श्वास येत नव्हता. त्यांनी जमिनीवर हात थोपटून हार मानली. दहा सेकंदही झाले नसतील. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

घरी येऊन सर जेवले नाहीत. त्यांची बायको भावना समोर बसली, तेव्हा म्हणाले, "हरल्याचं काही नाही गं. पण मी या पोरींना वर्षानुवर्षं सांगतोय, कुणी अंगावर आलं तर असं करा. उद्या एखादी खरंच सापडली तर? खोटा धीर दिला का मी त्यांना?"

भावना म्हणाली, "मग शिका ना. इथं बसून घाबरून त्यांचं काय भलं होणार?"

सरांनी मला सोडले आणि दारामागच्या खिळ्याला अडकवले. तिथे मी महिनाभर धूळ खात राहिलो. दार उघडले की वाटे, आज मला पोतेऱ्यात टाकणार.

पण एका सुट्टीच्या सकाळी सरांनी मला पिशवीत टाकले. ते पालेगावात हिंदुराव पैलवानांकडे निघाले होते. म्हाताऱ्याचा आखाडा लहान होता, मागेच नव्या इमारतीचे पिलर उभे राहत होते. हिंदुरावांनी सरांना पाचदा पाडले आणि म्हणाले, "उभा चांगला हायस तू. पन पडलास का लाकूड होतोस. अरं, पडल्याव मानूस मरत नाय. कूस बदल, गुडघं टेक, उठ." सर उठत, पुन्हा पडत. पिशवीतून मला त्यांची धाप ऐकू येत असे. पाच महिने हेच चालले.

पुढच्या मार्चमध्ये उल्हासनगरला, एका रिकाम्या शेडमध्ये, रविवारी दुपारी सामने ठेवले होते. सरांनी स्वतःहून नाव दिले. समोर कमळाकरच होता. तिथे पट्टा बांधायला परवानगी नव्हती. म्हणून भावनाने मला आपल्या तळहाताभोवती गुंडाळले. तिचा तळवा गार आणि ओला होता.

पहिल्या फेरीत सर कमळाकरला जवळच येऊ देत नव्हते. झरकन आत, झरकन बाहेर. कराटेची ती पावले कमळाकरला उमगेनात. दोनदा त्याच्या पोटात लाथ बसली. तिसऱ्यांदा मात्र त्याने पाय धरून सरांना पाडलेच. भावनाची नखे माझ्यात रुतली. पण सरांनी कूस बदलली, गुडघे टेकले आणि ते उठले.

दुसऱ्या फेरीत कमळाकर पुन्हा खाली वाकून घुसला. सर अर्धे पाऊल मागे सरले आणि त्यांचा उजवा ठोसा सरळ त्याच्या जबड्यावर बसला. कमळाकरचे गुडघे वाकले. तो आडवा झाला.

या लढतीत पंच थांबवत नाही तोवर थांबायचे नसते. शेड ओरडू लागली, "मार! ऊपर जा! मार!" पंच वाकून पाहत होता, पण त्याने हात दाखवला नव्हता. आणि सर सवयीने दोन पावले मागे सरून उभे होते. कमळाकरचे डोळे उघडे होते, पण ते कशाकडेच पाहत नव्हते. भावना मला मुठीत धरून जागची उठली. इतकी भीती मी कधी अनुभवली नव्हती. तो हललाच नाही तर?

मग तो हलला. डोके झटकत उठला, चाचपडत त्याने सरांचा पाय धरला, त्यांना खाली खेचले आणि गळा आवळला. सरांनी हात थोपटला. सर हरले.

लोक पांगल्यावर कमळाकर सुजलेल्या जबड्याने जवळ आला. "सर, तो ठोसा मला दिसलाच नाही. पडल्यावर मी कुठं आहे तेच कळत नव्हतं. तुम्ही अंगावर का आला नाहीत?"

"सवय," सर म्हणाले. मग खाली पाहत म्हणाले, "आणि घाबरलो रे. तू हलत नव्हतास."

कमळाकरने सरांचा हात हातात घेतला. मग त्याने विचारले, "तुमचा क्लास किती वाजता असतो?"

तेव्हापासून तो दर गुरुवारी अंबरनाथला येतो. तो मुलींना पडून उठायला शिकवतो, सरांकडून पावले शिकतो. त्या एका क्षणावरून दोघांचे अजून वाद होतात. कमळाकर म्हणतो, रिंगणात थांबणे ही चूकच. सर म्हणतात, चूक असेल. पण रस्त्यावर कुणी अंगावर आले तर थांबू नका, पळायची वाट मिळेपर्यंत मारा, हेही आता ते मुलींना बजावतात.

मित्रांनो, माझ्यासारखा पट्टा तुमच्याकडे असेल तर तो जपा. पण जे शिकलात ते खरोखर उपयोगी पडते का, हे विचारायला घाबरू नका. आणि खेळात समोरचा पडून हलेनासा झाला, तर बाकीचे काय ओरडतात ते ऐकू नका. आधी त्याच्या डोळ्यांत पाहा.