खिळ्यांवरचे एकतीस किलोमीटर

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ओउलू शहरातल्या तुइरा भागात, रेल्वेपुलाखालच्या उतारावर, रात्री गोठलेल्या ओलीवरून घसरून आउतीची मालवाहू सायकल आडवी झाली. पुढच्या पेटीत तिचे वडील ओइवा बसले होते. वय सत्त्याऐंशी. कोपर खरचटले, बाकी काही नाही. आडव्या पेटीतूनच ते म्हणाले, "पोरी, आपलं उतरायचं ठिकाण अजून आलेलं नाही."

थोरला भाऊ वेसा हे हसण्यावारी न्यायला तयार नव्हता. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"बर्फ वितळेपर्यंत बाबा त्या पेटीत बसणार नाहीत."

"मग सौनाला कसे जातील?"

"नाही जाणार."

ओइवांचा उजवा गुडघा वाकत नाही. मोटारीत त्यांना बसवता येत नाही. पेटीत पाय सरळ पसरता येतो. दर शनिवारी दहा वाजता नदीकाठच्या सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, त्यांचे जुने सोबती जमतात. आता दोघेच उरले आहेत. बर्फ वितळणार एप्रिलच्या अखेरीस. तोवर या तिघांपैकी कोण असेल, याचा विचार आउतीला करायचा नव्हता.

"बर्फावर पकड घेणारे खिळ्यांचे टायर घालते," ती म्हणाली. "येत्या शनिवारी त्याच उतारावर ये. स्वतः बघ, मग बोल."

"बघेन. पण नाही म्हणालो तर नाही."

टायर मंगळवारी आले: पुढच्या लहान चाकाचा एक, मागच्या मोठ्या चाकाचा एक. सायकल दुरुस्त करणाऱ्या यार्कोने आपल्या दुकानातली सायकल टांगायची घोडी आणि हत्यारे दिली आणि तिने मदत नको म्हटल्यावर स्वतः कॉफी घेऊन स्टुलावर बसला.

"हातमोजे घाल."

"लागत नाहीत."

दहा मिनिटांत तिच्या तळव्यावर तीन ठिकाणी रक्त आले. तिने हातमोजे चढवले. थंडीने कडक झालेला टायर रिमवर बसेना. गुडघ्याखाली दाबून, इंच इंच सरकवत तिने तो बसवला, हवा भरली आणि चाक जागेवर कसले.

"बाणाचं तोंड कुठे आहे?" यार्कोने विचारले.

टायरच्या कडेवरचा बाण मागे दाखवत होता. टायर उलटा बसला होता.

"आधी सांगता आलं नाही?"

"तू मदत नको म्हणालीस. बोलणं म्हणजे मदतच."

तिने चाक उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग खिळे मडगार्डला घासू लागले, म्हणून पुढचे मडगार्डच काढून टाकले.

"आता चाळीस किलोमीटर," यार्को म्हणाला. "कोरड्या डांबरावर, सावकाश, कचकन ब्रेक न लावता. म्हणजे खिळे टायरात घट्ट बसतात. नाहीतर बर्फावर एकेक उडतो."

"नोव्हेंबरात कोरडं डांबर?"

"गुरुवारी बर्फ पडणार म्हणतात. तोवर मिळेल तेवढं."

आउती ग्रंथालयात दुपारपाळीला असते, सकाळ मोकळी. बुधवारी तिने पेटीत शेगडीत जाळायच्या लाकडी गोळ्यांची पाच पोती टाकली. वजन जवळपास वडिलांइतके. विमानतळाच्या रस्त्याने अठरा किलोमीटर झाले. गुरुवारी तेरा झाले आणि पावणेअकराला बर्फ सुरू झाला. डांबर दिसेनासे झाले, तेव्हा ती परत फिरली.

"चाळीस झाले म्हण," ओइवा म्हणाले. "वेसा काय मोजायला बसलाय?"

"मी मोजलेत, बाबा."

"आईवर गेलीस. तीही अशीच नको तिथे खरं बोलायची."

शनिवारी नऊ वाजता उतार काचेसारखा गोठला होता. वेसा तळाशी उभा होता, हात खिशात. वडील घरी कोट चढवून, टॉवेल मांडीवर घेऊन दाराशी बसले होते. आउती पोत्यांसह खाली आली. खिळ्यांचा करकर आवाज झाला. सायकल जराही घसरली नाही.

"परत," वेसा म्हणाला. "या वेळी मध्येच जोरात ब्रेक लाव."

ती वर गेली, निघाली आणि मध्यावर दोन्ही ब्रेक दाबले. सायकल हातभर पुढे जाऊन सरळ थांबली.

"किती चालवलीस?"

"एकतीस. चाळीस हवे होते."

वेसा चढून वर आला. ब्रेकच्या खुणेशी वाकला आणि हातमोजा काढून बर्फातून काहीतरी उचलले. तांदळाच्या दाण्याएवढा एक खिळा होता. आउतीने मागचे चाक फिरवून पाहिले. एक भोक रिकामे होते.

"दोनशेचाळीसपैकी एक," ती म्हणाली.

तिने पोती एकेक करून पेटीतून काढली, रस्त्याकडेला रचली आणि पेटीत वडिलांसाठी घोंगडी अंथरली. नऊ वाजून सव्वीस मिनिटे झाली होती. वेसाच्या तळव्यावर खिळा तसाच होता, आणि त्याने अजून 'नाही' म्हटले नव्हते.