मुंगळ्याची नागमोडी बाजू

ग्रंथालयाच्या वरच्या दालनात प्राध्यापक बोलत होते आणि शेवटच्या खुर्चीतला म्हातारा न्हावी मनातल्या मनात त्यांची बिनपाण्याने हजामत करत होता.

केसांच्या पिनेला त्या गावात मुंगळा म्हणत. प्राध्यापकांनी त्यावर पुस्तकात सतरा पानं खर्ची घातली होती. मुंगळ म्हणजे, म्हणे, खलाशांच्या बोलीत लाट. पिनेची वरची बाजू नागमोडी, म्हणून मुंगळा. भिंतीवर चित्रही पाडलं होतं: अंबाड्यात खोचलेली पिन, लाटा वर.

न्हाव्याचं आणि त्याच्या बायकोचं चाळीस वर्षं एकच दुकान होतं. पडद्याच्या अलीकडे तो पुरुषांची डोकी बघायचा, पलीकडे ती बायकांची. हे नाव तिनेच पाडलं. नवरीचे केस बसवताना म्हणायची, "मुंगळा आहे हा. मान तुटेल, पण पकड सोडणार नाही." तिला जाऊन पाच महिने झाले होते. पुस्तकात तिचं नाव यावं, एवढ्यासाठी तो दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून आला होता.

तो उठला. "साहेब, पिन उलटी लावलीय."

"काय?"

"नागमोडी बाजू खाली, डोक्याकडे. तीच केसांना चावते, म्हणून मुंगळा. माझ्या बायकोनं ठेवलंय हे नाव."

"आजोबा, तुमच्या भावना समजतात. पण पुरावा लागतो."

"पुरावा समोर बसलाय. विचारा की."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने केसांतली पिन काढून पाहिली. "अगं बाई, खरंच! लग्नात केस बसवताना यांच्या दुकानातल्या मावशींनी दटावलं होतं मला, मुंगळा पालथा घालू नकोस म्हणून."

"सरांना कुठून कळणार?" दुसरी म्हणाली. "तिथे मुंगळ्याला चावायला आहे काय!"

प्राध्यापकांचा हात आपसूक टकलावर गेला. हशा ओसरल्यावर त्यांनी पेन काढलं. "ठीक आहे. पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकू. काय नाव बाईंचं?"

"तळटीप? थापांना सतरा पानं, आणि तिला तळाशी? राहू द्या. आधी एखाद्या बाईचं डोकं जवळून बघा, मग नाव विचारा."

ताठ मानेने तो निघाला. पहिला जिना उतरेपर्यंत मजा वाटली. दुसऱ्यावर पाय थबकला. नाव सांगायलाच तर आला होता. हसणाऱ्या बायका उद्या विसरतील. या शहाण्याचं पुस्तक मात्र कपाटात राहील.

"तोंडाळ मेला," त्याने स्वतःलाच शिवी हासडली. अडला हरी, गाढवाचे पाय धरी! कठडा धरून तो पुन्हा वर चढू लागला.