तुडूम उघडं होतं त्या दिवशी

ऐक, नुसतं ऐक. मधे हूं-हां करू नकोस, माझा धागा सुटतो.

चैतराम तलावाच्या पाळीवर बसून भात खात होता आणि त्याची बायको शामकला कमरेवर हात ठेवून समोर उभी होती.

"उद्या इवाई येऊन राहिला पोरीले न्याले," ती म्हणाली. "येता का नाई घरी?"

"येतो ना."

"हेच तुमी तिच्या बारशाले म्हणलं होतं."

"मंग आलो नाई का?"

"आले. घुगऱ्या सरल्यावर."

चैतराम हसला, भात नाकात गेला. शामकलाने लोटीतलं पाणी पुढे केलं, पण तोंड वळवूनच. "हे तुडूमच माही सवत होय," ती म्हणाली.

"सवत तुह्यावानी बोलत त नाई."

"म्हणूनच तुमाले आवडते."

तुडूम म्हणजे पाळीतलं ते दार रे, ज्यातून तलावाचं पाणी नहरेत सोडतात. चैतराम त्या तलावाचा पाणकर. कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी कधी द्यायचं, किती द्यायचं, सगळं त्याच्याकडे. गोष्ट जुनी, जमीनदारांची मालगुजारी नुकतीच गेली होती तेव्हाची. मालगुजार गेला, पण तलाव होता, हिरानकी वाणाचं धान होतं, आणि पाण्याची रीतही तशीच होती. रीत काय, तर नहरेच्या शेपटाकडच्या बांधीला आधी पाणी, तुडुमाजवळच्याला सगळ्यात शेवटी. म्हणजे वरचा माणूस आपली पाळी यावी म्हणून खालच्याचं पाणी राखतो. निदान राखावं अशी आशा. आणि तुडूम उघडं असेतो पाणकराने नहर सोडून घरी जायचं नाही. जेवण पाळीवर, झोपणं पाळीवर.

त्यामुळे व्हायचं असं की पोळ्यापासून धान कापणीला येईपर्यंत चैतराम घरी नसायचाच. त्याची एकुलती पोर प्रेमिला, लहान असताना तिने भर पाहुण्यांत आईला विचारलं होतं, "माय, आपला बाप आपल्या घरी काऊन नाई राहत?" पाहुणे खालमानेने सुपारी चघळत बसले. पण पुढे तीच पोर डोक्यावर शिदोरी घेऊन रोज पाळीवर यायला लागली. तलावातले शिंगाडे सोलायला शिकली ती तिथेच, पळसाच्या पानाचा द्रोण लावायला शिकली तिथेच, आणि नागझिऱ्याच्या डोंगराकडून ढग आले की ते बरसणार की नुसते फिरून जाणार, यावर बापाशी पैज लावायची तीही तिथेच. चैतरामचा संसार म्हणशील तर तो दुपारच्या त्या शिदोरीपुरता होता. पण होता, आणि भरलेला होता.

लग्न तिचं आधीच लागलं होतं, लहान म्हणून माहेरी ठेवली होती. आता गौना, म्हणजे कायमची पाठवणी. तिचा सासरा, चैतरामचा इवाई, गुलाबचंद आमगावकडचा. त्याची बायको आजारी, चुलीपुढे बसायला कोणी नाही, म्हणून तो दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंतही थांबायला तयार नव्हता. आणि त्या गावात अशी पद्धत की पोर सासरी निघाली की बापाने तिला उचलून दमणीत, त्या छोट्या बैलगाडीत, बसवायचं. पोरीने आपल्या पायाने चढायचं नाही. चढली तर लोक म्हणायचे, हिला माहेराने पाठवलं नाही, ही आपणच निघाली. हे बोलणं पोरीला म्हातारी होईपर्यंत ऐकावं लागायचं.

चैतरामला तिला उचलायचं होतं. बस, एवढंच हवं होतं त्याला. बारसं हुकलं, लग्नाची हळद हुकली कारण त्याच दिवशी पाळ झिरपायला लागली. हे हुकवायचं नव्हतं.

आणि नेमकं त्या वर्षी पोळ्यानंतर पावसाने तोंड दाखवलं नाही. धान पोटरीत आलेलं, तलाव तळाला लागलेला, ही पाण्याची शेवटची पाळी. दुसऱ्या दिवशी, पाठवणीच्याच दिवशी, पाणी मंदाबाईच्या बांधीला जायचं होतं. ही बाई विधवा, शेत पार शेपटाला, आणि तेवढंच शेत. तुडूम घटकाभर बंद करावं म्हणशील, तर नहर कोरडी पडली की तिला पुन्हा भिजवण्यातच अर्धं पाणी जायचं. मंदाबाईपर्यंत मग थेंब पोचला नसता. चैतरामच्या सोबतीला एरवी बकाराम असायचा, तो हिवतापाने पडलेला.

सकाळी मनिराम आला. हा शामकलाचा सख्खा भाऊ, चैतरामचा साळा, शेत नहरेच्या अगदी काठाला.

"भाऊजी, जाय ना तू घरी," मनिराम म्हणाला. "मी पायतो पाणी."

चैतरामने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या धानाकडे. धान पिवळं पडायला लागलं होतं.

"तुही पाळी परवा हाये, मनिराम."

"मले काय सांगतं? भाची होय ते माही. जाय, उचल तिले. मी हाये इथं."

आता साळा म्हणतोय, भाचीची आण घेतल्यासारखं म्हणतोय, नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगू, चैतरामला नाही म्हणायचंच नव्हतं. त्याने हातपाय धुतले, धोतर झटकलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि निघाला. वाट नहरेच्या काठाकाठाने गावात जाते. चालताना तो हात झुलवून बघत होता, पोर केवढी झाली, जड असेल का, आपल्याला उचलेल ना.

अर्ध्या वाटेवर त्याची नजर नहरेत गेली. पाणी उतरत होतं. काठावर ओली रेघ मागे ठेवून हळूहळू खाली जात होतं, तुझ्या-माझ्या डोळ्याला दिसलंही नसतं.

तो थांबला. समोर गावातून दमणीच्या बैलांची घुंगरं वाजत होती, म्हणजे बैल जुंपले होते. मागे पाणी फुटलं होतं. तो उभा राहिला, आणि कितीतरी वेळ नुसता उभाच राहिला. एक पाऊल गावाकडे टाकलंही त्याने.

मग वळला आणि पळाला.

मनिरामच्या शेतापाशी नहर कापलेली. चांगलं माणूस मावेल एवढं भगदाड, आणि पाणी धो-धो त्याच्या बांधीत. मनिराम कुठेच नाही. चैतरामने फावड्याने माती टाकली, पाण्याने नेली. ढेकळं टाकली, नेली. शेवटी तो स्वतःच भगदाडात बसला, पाठ पाण्याला लावून, दोन्ही हात काठांत रुतवून. पाणी पाठीवर अडलं. पण आता हलायची सोय नाही. मान वळवली की खांदा सुटतो, खांदा सुटला की पाणी.

तेवढ्यात मागच्या वाटेने दमणी आली. बाप घरी येईना म्हणून शामकलाच सगळ्यांना इकडे घेऊन आली होती. त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

"अवो, इवाईबुवा," गुलाबचंद म्हणाला, "तिरोड्याची रेलगाडी सुटली त मुश्किल होईल."

"मी उठलो त मंदाबाईचं धान गेलं जी," चैतराम समोरच्या धानाकडे बघत म्हणाला. "तुमी निघा."

प्रेमिला म्हणाली, "मी चढतो, बाबा. काही नाई होत."

"तू थांब वो," शामकला म्हणाली.

आणि काय केलं माहितीये तिने? पदर खोचला, पोरीच्या गुडघ्यांभोवती हात घातले आणि उचलली. तिने, आईने. बाई काडीसारखी, पोर तिच्याहून उंच. गुलाबचंद "अवो, अवो" करत राहिला. तिने पोरीला दमणीत बसवलं, तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गाडीवानाला म्हणाली, "हाण."

मग ती नहर ओलांडून मनिरामच्या बांधीत उतरली, चैतरामच्या समोर. गुडघाभर चिखलात उभी राहून ढेकळं उचलून त्याच्या दोन्ही अंगांना दाबायला लागली. तिचं तोंड वाटेकडे, त्याची पाठ वाटेला.

"खेकड्यानं फोडली नहर," चैतराम म्हणाला.

"हो?" तिने ढेकूळ थापलं. "खेकड्याले फावडं चालवता येते?"

त्याने मनिरामचं नाव घेतलं नाही. भाऊ तिचा होता.

जरा वेळाने तो म्हणाला, "कुठं गेली दमणी?"

"मोहाच्या झाडापासी."

"आता?"

"नाल्यात उतरून राहिली. इवाई खाली उतरला, चाकाले हात लावून राहिला."

"आन प्रेमिला?"

"इकडं पाहून राहिली."

शामकला चिखल थापत होती. घुंगरं बारीक झाली, मग वाऱ्यासोबत कधी आली, कधी नाही, मग नाहीच. दमणीला बुजून उडालेले बगळे परत येऊन बांधावर बसले. पाठीमागे पाणी काठाला चढत होतं आणि मंदाबाईच्या बांधीकडे निघालं होतं, ते त्याला अंगाने कळत होतं.

"दिसते का?" त्याने विचारलं.

"दिसते."

त्याने डोळे मिटले. नाल्यापलीकडे पळसाचं रान लागतं, तिथे उंटावर बसलेला माणूससुद्धा दिसत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, "अजून?"

"अजून दिसते," शामकला म्हणाली, आणि त्याच्या खांद्याशी आणखी एक ढेकूळ लावलं.

आता तू सांग. त्या अर्ध्या वाटेवर तू असतास, पुढे पोर आणि मागे पाणी, तर तू काय केलं असतंस?