घाईची चाल

यज्ञेश्वर सरांनी कादंबरीला लेझीम पथकाच्या तिसऱ्या रांगेत कडेला ठेवलं होतं. गरज पडली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. गरज म्हणजे काय, हे मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी ते म्हणाले, "अहो कादंबरीची आई, आता मलाही तिचा पाय स्वप्नात दिसायला लागलाय."

दिसू दे. माझ्या स्वप्नात तो रोज येतो.

कादंबरी नऊ वर्षांची. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. ती लहान असताना खरा पाय नगर रस्त्यावर टँकरने नेला. वाढत्या वयात आतलं हाड पुढे पुढे येतं आणि कातडीला आतून टोचतं. मागच्या पावसाळ्यात तिथे जखम झाली, चिघळली, आणि हाड थोडं कापावं लागलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर गुडघा वाचेलच असं नाही. गुडघा आहे म्हणून ती जिना चढते, मांडी घालते, लेझीम खेळते.

म्हणूनच गणपतीच्या आधी आम्ही तिला मंदाकिनी मॅडमकडे नेलं. त्या इंजिनिअर, कृत्रिम पायांवर संशोधन करतात. गुडघ्याखालचा उरलेला पाय ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याच्या खालच्या नळीत त्यांनी जोर मोजणारं छोटं यंत्र बसवलं आणि कादंबरीला लांब व्हरांड्यात आधी रमतगमत, मग नेहमीसारखं, मग घाईने चालायला लावलं. कॉम्प्युटरवर रेषा उमटत गेल्या. रमतगमत चालली तेव्हा एक पसरट टेकडी. नेहमीच्या चालीला दोन उंचवटे, मध्ये उथळ खळगा. घाईत दोन्ही उंचवटे टोकदार झाले आणि खळगा खोल. श्रीनिवास, माझा नवरा, खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो आकड्यांत रमला. मला नुसती ती टोकं दिसत होती.

"वजन तेच असतं हो," मॅडम म्हणाल्या, "पण घाईत टाच टेकली की वजनापेक्षा जास्त जोर बसतो, तोही क्षणात. शिवाय पाय पुढेमागे ओढला जातो. कातडी सोलवटते ती त्या ओढीने. नवीन सॉकेट होईपर्यंत घाईची चाल नको."

लेझीमची पावलंही त्यांनी मोजली. जागच्या जागी, अर्धी अर्धी, ती ठीक निघाली. उड्या वगळायच्या आणि ढोलाची लय चढली की कादंबरीने बाहेर यायचं, असं ठरलं. तिने एकच अट घातली. मैत्रिणींसमोर मी तिला हाताला धरून ओढायचं नाही. मी कबूल केलं.

चतुर्थीच्या सकाळी मंडळाची मूर्ती कसब्यातून निघाली. पुढे आमचं लेझीम पथक, मागे ढोल-ताशा, त्यामागे गाडा. श्रीनिवास ऑफिसात होता. त्याच्या अमेरिकेतल्या क्लायंटना चतुर्थी नसते. मी दोराबाहेरून, तिसऱ्या रांगेच्या बरोबरीने चालत होते. पहिल्या चौकात लय चढली, कादंबरी शहाण्यासारखी बाहेर आली, पाणी प्यायली, लय उतरल्यावर परत रांगेत गेली. माझा जीव जरा भांड्यात पडला.

पण चौकाचौकात मंडळी रेंगाळली. हार झाले, फोटो झाले, "पुन्हा एकदा वाजवा" झालं. मग मांडवातून गुरुजींचा फोन आला आणि अध्यक्ष आप्पासाहेबांना एकदम मुहूर्त आठवला. दरवर्षी असंच होतं. आधी वेळच वेळ, मग पळापळ. वादन थांबलं. "चला, उचला पावलं," म्हणत कार्यकर्ते मागून रेटू लागले. मुलींनी लेझीम काखेत मारलं आणि झपाझप निघाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही लेझीम मोजलं होतं. दोन चौकांमधलं चालणं कुणीच धरलं नव्हतं. ढोल वाजत नव्हता, त्यामुळे बाहेर पडायची खूणही नव्हती.

मी हाका मारल्या. तिने ऐकल्या आणि वळून पाहिलं नाही. डावं पाऊल आखूड पडू लागलं होतं, खांदा कलला होता, खालचा ओठ दातांत होता. दुखतंय, हे मला तिच्या न बघण्यावरून कळलं.

हाताला धरून ओढायचं नव्हतं. तांबट आळीपाशी गल्ली अरुंद झाली तशी मी दोराखालून आत शिरले, पळत पहिल्या रांगेच्या पुढे गेले आणि मधोमध चालू लागले. मॅडमच्या व्हरांड्यात कादंबरी नेहमीसारखी चालली होती, त्या चालीने. मागच्या मुली अडखळल्या, सावकाश झाल्या. त्यांच्यामागे ढोलवाले, त्यांच्यामागे गाडा. माझ्या बाजूने पुढे जायला जागाच नव्हती.

आप्पासाहेब घाम पुसत आले. "बाई, मुहूर्त टळतोय. फेरफटका मारायचा तर सारसबाग आहे."

"तिसऱ्या रांगेतल्या मुलीला इतका वेग सोसत नाही," मी पुढे बघतच म्हणाले. "मी तिला बाहेर काढणार नाही आणि पळूही देणार नाही."

"मग गणपतीने काय करायचं?"

"हळू यायचं."

त्यांनी वळून तिच्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. गल्ली रुंदावली तिथे त्यांनी हात वर केला. "लेझीम बाजूला घ्या. गाडा पुढे."

पथक भिंतीला लागलं. गाडा आमच्या समोरून निघून गेला. सर त्यांना घेऊन मागोमाग गेले. कादंबरी तेवढी थांबली.

"सगळ्यांचं लेझीम घालवलंस तू," ती म्हणाली.

ते खरंच होतं. एका दुकानाच्या पायरीवर तिला बसवलं, पाय काढला, मोजा उतरवला. हाडाच्या टोकावर लालभडक चट्टा. अंगठ्याने दाबला की पांढरा व्हायचा, सोडला की पुन्हा लाल. तो काही मिनिटांत फिका पडला तर ठीक, नाहीतर आत इजा झालेली. मी बघत बसले. मांडवाकडून घंटा ऐकू आली, आरती सुरू झाली. तिने तिकडे मानही वळवली नाही.

"सारखं बघू नकोस," ती म्हणाली.

चट्टा अजून लालच होता. मी पदराने वारा घातला, त्याचा उपयोग नसतो हे माहीत असून. मग कडेने गुलाबी झाला. मग मधेही. पुन्हा दाबला, आणि या वेळी सोडल्यावर कातडीचाच रंग आला.

मी काही बोलायच्या आत तिने मोजा ओढला, पाय चढवला आणि उठली. गल्ली आता रिकामी होती, पळायला कुणाची आडकाठी नव्हती. ती पळाली नाही. मी मागे बरंच अंतर ठेवून चालले. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

नवीन सॉकेट दिवाळीआधी मिळालं. तोवर कातडी टिकली. तिचा रागही.