हळदीचं कुंकू करणारा गाळ

मित्रांनो, तुमच्या पायाखाली माझ्यासारख्या कितीतरी आल्या असतील. मी एक जुनी वीट आहे, धुळा नावाच्या माणसाच्या गोठ्यात बसवलेली. माझा लाल रंग पाहून लोक मला चांगली म्हणतात. ते ऐकलं की मला खाली मान घालावीशी वाटते, पण विटेला मान नसते.

कोयनेच्या खोऱ्यावरच्या पठाराचा मी दगड होते. महायुद्धाच्या काळात विमानांसाठी हलका पांढरा धातू, अ‍ॅल्युमिनियम, हवा होता, आणि त्याची कच्ची भुकटी आमच्या दगडातून निघे. बैलगाडीने कऱ्हाड, तिथून रेल्वेने मिरज, असा माझा प्रवास झाला. मिरजेबाहेर एक लहानसा कारखाना निघाला होता. तिथे मला दळलं, दाहक सोड्याच्या पाण्यात उकळलं. माझ्यातलं पांढरं ते गाळून घेतलं आणि पोत्यांत भरून सन्मानाने पुढे पाठवलं. उरला तो लाल गाळ, म्हणजे मी. मला ओढ्याच्या काठावर ओतलं. एक पोतं भुकटी निघाली की माझा ढीग दीड पोत्याने वाढे.

त्या ढिगावर नाथाजी मुकादम होते. मूळचे कोरेगावचे, वाचनाची आवड असलेले, मोजकं बोलणारे. मालकांनी त्यांना बजावलं होतं, ढिगाचं काहीतरी करा, नाहीतर कारखाना हलवावा लागेल. नाथाजी रोज मला हातात घेऊन बघत. त्यांच्या तळहातांची सालं निघत. घरी ते हातांना शेंगदाण्याचं तेल चोळत आणि कोणी विचारलं, तर ‘उन्हाने’ म्हणत.

कारखान्यात कोळसा आणणारा एक गाडीवान होता, धुळा. मूळचा पूर्वेच्या दुष्काळी भागातला, आता कारखान्याजवळच राहून थोडी शेती करणारा. मेंढरं विकून त्याने बैलजोडी घेतली होती. उजवीकडचा माणक्या त्याचा विशेष लाडका. आषाढात बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला, तेव्हा धुळा ढिगापाशी थांबला.

“आवं मुकादम, औंदा गेरू कुठं मिळंना. ह्यातलं घमेलंभर न्हिऊ का?”

“घमेलं कशाला गड्या, पोतं ने! कुणाच्या तरी कामाला येऊ दे.”

“फुकाट हाय म्हंता? मग माणक्याला आंगभर सदराच शिवतो की!”

दोघं हसले. पोतं भरताना नाथाजींनी हातांना फडकी बांधली होती, हे धुळाने पाहिलं नाही. मी पाहिलं. मित्रांनो, माझी लाज इथून सुरू होते.

बेंदराला आमच्याकडे आधी खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, मग अंगावर गेरूचे ठसे उठवायचे. धुळाच्या बायकोने, सुलाबाईने, गेरू म्हणून मला पाण्यात कालवलं आणि तळहाताचा ठसा माणक्याच्या हळदीच्या खांद्यावर उमटवला. हळद बघता बघता लाल झाली.

“आवं, बघा तरी! हळदीचं कुंकू झालं!”

शेजारची धोंडुबाई धावत आली. “लक्षुमी पावली गं सुले! आनिक लाव, हात आखडू नगंस!”

सुलाबाईने ओंजळीने मला खांद्यावर थापलं. हळदीला लाल करतो तो माझ्यातला सोडा, हे त्या बायकांना कुठून ठाऊक असणार? त्यांना तो शकुन वाटला. माणक्या शेपटी आपटत होता. धुळा म्हणाला, “बघ, नटलाय म्हनून ऐटीत आलाय लेकाचा.” मिरवणूक संपेपर्यंत मी त्या खांद्यावर वाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी कौतुकाने ठसे बघायला आले. माणक्याच्या खांद्यावर फोड उठले होते. सुलाबाई मीठ-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढत होती. तिचेही हात लाल झाले होते.

“लय नटवला, तवाच नजर लागली बगा,” ती म्हणाली.

गाळ अजून तसाच लागलेला होता. नाथाजींनी तो पाहिला. हळदीचा बदललेला रंगही पाहिला. सुलाबाईने दिलेला चहा ते प्याले. मग म्हणाले, “उरलेलं पोतं माघारी नेतो,” आणि मला खांद्यावर टाकून निघाले. वाटेत दोनदा थांबले, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा चालू लागले.

माणक्याचं कातडं सोललं, जखम हाडापर्यंत गेली. तो जगला, पण त्याच्यावर पुन्हा जू चढलं नाही. धुळाची कोळशाची गाडी बंद झाली. एका बैलावर तो शेजाऱ्याशी पैरा करून, म्हणजे दोघांचा एकेक बैल जोडून, दोघांची शेतं नांगरू लागला.

आणि कारखान्यात मात्र माझं भाग्य उघडलं. नाथाजींनी मला पाण्याने धुतलं, हळदीची चिमूट टाकली, ती लाल झाली. पुन्हा धुतलं. नवव्या पाण्याला हळद पिवळीच राहिली. मग काळी माती मिसळून मला थापलं, भट्टीत भाजलं, आणि मी वीट झाले. मालकांनी मला टेबलावर ठेवून पाहुण्यांना दाखवलं. “ही हळदीची युक्ती तुम्हाला सुचली कशी?” त्यांनी विचारलं. नाथाजी म्हणाले, “सुचली.” मला धुतलेलं पाणी ओढ्यात सोडलं होतं, त्याबद्दलही कोणी विचारलं नाही.

पहिल्या भट्टीच्या विटा नाथाजींनी धुळाकडे आणल्या आणि गोठ्याची जमीन स्वतः बसवून दिली. धुळा त्यांना देवमाणूस म्हणू लागला. प्रत्येक वेळी नाथाजी घाईने विषय बदलत.

युद्ध संपलं, कारखाना बंद पडला. पाच वर्षांनी आजारी नाथाजी मुलीला, हरणाबाईला, सोबत घेऊन गोठ्यात आले. उभ्यानेच म्हणाले, “धुळा, त्या गाळानं कातडं जळतं, हे मला आधीपासनं ठावं हुतं.”

धुळा वैरण टाकता टाकता थांबला.

“आनि दुसऱ्या दिशी आलासा, तवा?”

“तवाबी.”

“तवा सांगितलं आसतंसा, तर पान्यानं धुतला आसता की वो. हिरीला पानी हुतं. आता सांगून मी काय करू?”

हरणाबाईने वडिलांचा हात धरला आणि त्यांना बाहेर नेलं. महिन्याभराने ते गेले. बाराव्यानंतर ती एकटी आली. वडिलांच्या बाजूने ती एक शब्दही बोलली नाही. एवढंच विचारलं, “ओढ्याकाठच्या ढिगावर कुणी गेरू न्यायला येतं का?”

“बायका येत्यात अजून,” धुळा म्हणाला.

“चला मग. त्यांना सांगायचं हाय. माझं एकटीचं कोन ऐकंल?”

धुळाने हातातली वैरण खाली ठेवली. मग खुंटीवरचा पटका घेतला आणि तिच्याबरोबर निघाला.

मित्रांनो, टाकाऊ वस्तूचा उपयोग जरूर शोधा. माझाही सापडलाच. पण ती दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तिच्याबद्दल ठाऊक असलेलं सगळं सांगा, स्वतःची चूक असेल तर तीसुद्धा. विहिरीला पाणी आहे तोवर सांगा.